बिननावाची गिटार

एखादी वस्तू कुठली, कुणाची, हे ठरवताना आपण आधी तिच्यावरचे नाव वाचतो. नाव नसले की संशय घेतो. आमच्या घरात एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तिच्यावर नाव नव्हते, आणि तेवढ्याच कारणावरून आमच्या चुलत्यांच्या माथी चोरीचा आळ आला. तो आळ उतरायला पन्नास वर्षे लागली. कसा उतरला, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. गिटारीत रस नसलेल्यांनीही तो वाचावा. जुनी वस्तू ओळखावी कशी, हे कळले तर कुणाच्याही घरात उपयोगी पडेल.

आम्ही म्हणजे दोन भाऊ, एक बहीण आणि आमचे दाजी. चुलत्यांना सारी चाळ अण्णा म्हणायची. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत १६० चौरस फुटांची एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही नऊ माणसे. अण्णा परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. रात्रपाळी करून आले की तीन तास झोपायचे, आणि उठले की हातात काहीतरी वाद्य घ्यायचे. शिकवायला गुरू नव्हता. रेडिओवर ऐकायचे आणि बोटांनी शोधायचे, एवढेच त्यांचे शिक्षण. पण कान असा पक्का, की शेजारच्या खोलीत पातेले पडले तरी ते कोणत्या सुरात पडले हे अण्णा सांगायचे.

त्या काळी मुंबईत सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राची चलती होती. गणपतीत, लग्नात, कामगार वस्तीच्या मैदानात रात्र-रात्र कार्यक्रम चालायचे. अण्णांना अशाच एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची संधी मिळाली. सुरुवातीला ऑर्केस्ट्राचीच गिटार हातात घ्यायचे. स्वतःची असावी अशी फार इच्छा होती. परदेशी माल आणण्यावर तेव्हा सरकारचे कडक निर्बंध होते. बाहेरची वस्तू सामान्य माणसाच्या हाती लागायची ती बहुधा खलाशांमार्फत. १९७१ साली माझगाव गोदीकडच्या एका खलाशाकडून अण्णांनी साडेतीनशे रुपयांना ही गिटार घेतली. पैसे उभे करायला काकीने कानातली फुले गहाण ठेवली. ती सोडवायला पुढे दोन वर्षे लागली.

गिटार मोठी गमतीची होती. इलेक्ट्रिक गिटारीला सहसा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. वायर जोडल्याशिवाय तिचा आवाज ओट्यापर्यंतही जात नाही. या गिटारीच्या पोटातच एक लहान स्पीकर होता, वर गोल जाळी, आणि आत बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर. वीज गेली तरी ही वाजायची. आम्ही मुले तिला ‘बोलकी पेटी’ म्हणायचो. चाळीच्या गच्चीवर अण्णा वाजवू लागले की तिन्ही मजल्यांवरून माणसे वर यायची.

१९७४ च्या दिवाळीच्या सुमारास ऑर्केस्ट्राच्या मालकांची गिटार हरवली. एका कार्यक्रमाहून परतताना टेम्पोतून सामान उतरवले, त्यात ती नव्हती. ती अमेरिकन होती आणि तिच्याबरोबर स्पीकरही होता. मालकांच्या कुणी नातलगाने ती तिकडून आणली होती. दोन-चार दिवसांनी कुणीतरी त्यांच्या कानावर घातले, की तुमच्या गिटारवाल्याकडे स्पीकरची गिटार आहे, आणि तिच्यावरचे नाव काढून टाकलेले आहे. मालक चाळीत आले. गिटार हातात घेतली, खुंट्यांच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “नाव खरवडलंय. गिरणीतल्या माणसाला असली वस्तू परवडते कशी?”

अण्णा म्हणाले, “साहेब, ही तुमची नाही. तीन वर्षं माझ्या घरात आहे. तुमच्यासमोर कितीदा वाजवली.”

मालकांनी गिटार नेली नाही, आणि पोलिसांतही गेले नाहीत. फक्त अण्णांना पुन्हा बोलावले नाही, आणि बाकीच्या ऑर्केस्ट्रांतही शब्द पसरवला. तक्रार झाली असती तर चौकशी झाली असती आणि खरे-खोटे तेव्हाच ठरले असते. नुसत्या कुजबुजीला उत्तर कुठे द्यायचे? वस्तीतली मंडळी अण्णांना ओळखून होती, पण नळावर दोन बायकांचे भांडण झाले की काकीला ऐकावे लागायचे, “आधी तुमच्या घरातला चोरीचा माल बघा.”

त्यानंतर अण्णांनी ती गिटार चारचौघांत वाजवली नाही. वस्तीतल्या गायन पार्टीने त्यांना सोडले नाही. तिथे ते बेंजो वाजवू लागले. आता आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो टाइपरायटरसारखी बटणे असलेला, तो मूळचा जपानी. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झाले, बेंजो झाले. तो कुठून आला, त्याच्यावर कुणाचे नाव आहे, असे बेंजोला आजवर कुणी विचारले नाही. गिटारीला मात्र विचारले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अण्णांची गिरणी बंद पडली ती कायमची. घरातली भांडी विकली, शिलाई मशीन विकले, काकीची फुले दुसऱ्यांदा गेली ती परत आलीच नाहीत. गिटार मात्र विकली नाही. आमच्या वडिलांनी एकदा विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, “विकली तर लोक म्हणतील, चोरीचा माल फुंकला. घरात राहू दे. कधीतरी कुणीतरी उघडून बघेल.” १९९६ साली अण्णा गेले. काकीने गिटार जुन्या नऊवारीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली.

२०२४ साली पुनर्विकासासाठी खोली रिकामी करायची वेळ आली, तेव्हा पलंगाखालचे सारे बाहेर निघाले. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी सामान पाहायला आला होता. गिटार पाहताच त्याने बाकीच्या सामानाकडे पाठ फिरवली. म्हणाला, अमेरिकन आहे, पंधरा हजार देतो. दुसऱ्या दिवशी वाद्ये दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. ते म्हणाले, छे, कलकत्त्याची देशी आहे, कुणीतरी हौसेने स्पीकर बसवलाय. काकी ऐंशी वर्षांची. ती भिंतीला टेकून हे ऐकत होती. म्हणाली, “एक म्हनतो अमेरिका, एक म्हनतो कलकत्ता. पैशाचं ऱ्हाऊ द्या. ही कुठली हाय ते आधी शोधा. मला मरायच्या आत कळाया पायजे.”

म्हणून आम्ही शोधाला लागलो.

आमचे दाजी रेडिओ मेकॅनिक. आय. टी. आय. करून त्यांनी कुर्ल्यात तीस वर्षे दुकान चालवले. ते म्हणाले, “वाद्यातलं मला कळत नाही. पण हिच्या पोटात रेडिओच आहे. तो मला वाचता येईल.” त्यांनी सतरंजीवर पांढरे कापड पसरले. प्रत्येक स्क्रू काढला की वहीत त्याची जागा लिहायची आणि काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात तो ठेवायचा. भाचा मोबाईलवर पायरी-पायरीने फोटो काढत होता. जुनी वस्तू उघडण्याची हीच रीत आहे. घाईने उघडली तर पुरावा आपल्याच हाताने जातो.

इलेक्ट्रिक गिटार कशी बोलते, हे दाजींनी आधी समजावून सांगितले. तारांखाली एक लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. ती वीज ॲम्प्लिफायरने वाढवायची आणि स्पीकरला द्यायची. म्हणजे पिकअप, कंट्रोल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशी चार ठिकाणे. गिटारीचा खरा पत्ता त्या चार ठिकाणी लिहिलेला असतो.

पहिली खूण ॲम्प्लिफायरमध्ये सापडली. आत काचेचे व्हॉल्व्ह नव्हते, ट्रान्झिस्टर होते. दाजींनी भिंग लावून त्यांच्यावरची अक्षरे वाचली आणि हसले. प्रत्येकावर सुरुवातीला ‘२ एस बी’ आणि पुढे आकडा होता. ट्रान्झिस्टरवरच्या नावांची प्रत्येक मुलखाची पद्धत वेगळी. अमेरिकन ट्रान्झिस्टरचे नाव ‘२ एन’ने सुरू होते. युरोपातल्यांवर ‘ओ सी’ किंवा ‘ए सी’ अशी अक्षरे असत, आणि आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत तीच जास्त सापडतात. ‘२ एस’ ही जपानची पद्धत. त्यापुढचा ‘बी’ सांगतो, की हा आवाजासारख्या कमी कंपनांसाठी बनवलेला पीएनपी जातीचा ट्रान्झिस्टर आहे. दाजी म्हणाले, “रेशनकार्डावर गाव लिहिलेलं असतं, तसं हे आहे.”

आता कुणी म्हणेल, ट्रान्झिस्टर नंतर बदलले असतील. म्हणून दाजींनी सोल्डर पाहिले. दुरुस्ती झालेल्या जागी सोल्डरचा रंग आणि गोळा वेगळा दिसतो, जुना चिकटा उकरलेला असतो. इथे सगळे एका हाताचे, एका दिवसाचे काम होते. कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणाचे इस्त्रीचे टोक लागलेले नव्हते.

दुसरी खूण व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये. अमेरिकेत बनलेल्या कंट्रोलच्या पाठीवर बहुधा सहा-सात आकड्यांचा ठसा असतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. उदाहरणार्थ, १३७६६३२ असा ठसा असेल तर १३७ म्हणजे सी. टी. एस. ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३२ वा आठवडा. जुन्या अमेरिकन गिटारींचे वय याच ठशावरून काढतात. आमच्या गिटारीच्या कंट्रोलवर असा ठसा नव्हता.

तिसरी खूण स्क्रूंची. दाजींच्या डब्यातला मिलिमीटरच्या मापाचा नट तिच्या स्क्रूवर अलगद बसला. अमेरिकन मालाला इंचाची आटी असते. चौथी खूण लाकडाची. आतली कडा पाहिली तर तांबूस, उभ्या रेषांचे, हलके लाकूड होते. साठच्या दशकातील जपानी गिटारींत फिलिपिन्सकडचे लुआन नावाचे लाकूड सर्रास वापरत, ते असेच दिसते.

एकेक खूण वेगळी धरली तर तिचे मोल थोडे. चारही एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, तेव्हा संशय उरला नाही. गिटार जपानी होती.

पुढचे काम आकारावरून नमुना ओळखण्याचे. भाच्याने जुन्या गिटारींच्या याद्या आणि चित्रे धुंडाळली. पोटात स्पीकर असलेल्या गिटारी जगात फार थोड्या बनल्या. त्यांत आमच्या गिटारीशी जाळीपासून बटणांपर्यंत जुळणारी एकच निघाली. टोकियोच्या टेस्को कंपनीची, टीआरजी-१ या नमुन्याची, साठच्या दशकाच्या मध्यातली. टेस्को ही कंपनी १९४६ साली, युद्धात टोकियो बेचिराख झाल्यावर दुसऱ्याच वर्षी उभी राहिली. आत्सुओ कानेको हे गिटारवादक आणि दोर्यू मात्सुदा हे विजेच्या कामातले जाणकार, अशा दोघांनी ती काढली. १९६५ साली अमेरिकेच्या ‘व्हेंचर्स’ या वाद्यवृंदाचा जपानमध्ये दौरा झाला आणि तिथल्या तरुणांना इलेक्ट्रिक गिटारीचे वेड लागले. गिटारी धडाधड बनू लागल्या. शिलाई मशीनची लाकडी पेटी बनवणारा मात्सुमोतो गावचा कारखानाही गिटारी बनवू लागला. दोन-तीन वर्षांत लाट ओसरली, आणि १९६७ साली टेस्को कंपनी पियानोसाठी प्रसिद्ध असलेल्या कावाई कंपनीने विकत घेतली.

मग नाव कुठे गेले? याचे उत्तर त्या धंद्यातच सापडले. हे जपानी कारखाने परदेशी व्यापाऱ्यांसाठी माल बनवत. घेणारा सांगेल ते नाव लावून द्यायचे. गिटार तीच, पण अमेरिकेत एका दुकानी टेस्को डेल रे, दुसऱ्या दुकानी किंग्स्टन, तिसऱ्या दुकानी आणखी काही. इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानांत ‘ऑडिशन’. नाव म्हणजे एक छोटी पट्टी, वरून लावलेली. ती सुटून पडायची. आमच्या गिटारीच्या डोक्यावर दोन बारीक छिद्रे आहेत आणि मध्ये एक लांबट फिकट ठसा. भिंगाने पाहिले तर त्या जागी पॉलिश अखंड आहे, फक्त बाजूच्यापेक्षा कमी पिवळे पडलेले. खरवडल्याची एकही रेघ नाही. पट्टी पडली, एवढेच. मालकांचा अंगठा त्या जागेवरून फिरला होता, नजर फिरली नव्हती.

इथपर्यंत आम्हांला कळले होते, की आमची गिटार जपानी आहे. पण मालकांची कोणती होती? ती अमेरिकन असल्याचे ते सांगत, पण सांगण्यात चूक असू शकते. ते वारले होते. त्यांच्या कन्या ठाण्याला राहतात, आता साठीच्या पुढच्या. आमच्या बहिणीने ओळखीतून त्यांचा पत्ता मिळवून पत्र लिहिले. भांडण काढायचे नाही, फक्त त्या गिटारीचा एखादा फोटो असेल तर पाहायला मिळावा, असे लिहिले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

त्यांच्याकडे १९७३ सालचा ऑर्केस्ट्राचा फोटो होता. मागच्या रांगेत अण्णाही आहेत, बारीक मिशी, कोट कुणाचा तरी मागून घातलेला. पुढे मालक, हातात काळी गिटार. पायाशी गिटारीची पेटी उघडून उभी केली आहे आणि पेटीच्या आत स्पीकरची जाळी दिसते आहे. भाच्याने फोटो मोठा करून पाहिला. गिटारीवरचा पिकअप चकचकीत गोल नळीत बसवलेला होता.

ती गिटार अमेरिकन मालाच्या जाणकारांना लगेच ओळखू येते. शिकागोच्या सीअर्स या बड्या दुकानाने १९६२ साली ‘सिल्व्हरटोन’ नावाने ती विकायला काढली. गिटारीची पेटी हाच तिचा ॲम्प्लिफायर, अशी कल्पना. सर्वांत साध्या नमुन्याची किंमत होती ६७ डॉलर ९५ सेंट. आणि गंमत पाहा, सिल्व्हरटोन हेही बनवणाऱ्याचे नाव नव्हे, दुकानाचे. बनवायची न्यू जर्सीतल्या नेपच्यून गावची डॅनइलेक्ट्रो ही कंपनी, नाथन डॅनियल यांची. लाकडाच्या चौकटीवर दाबलेल्या भुशाचे मेसोनाइट पत्रे चिकटवून ते गिटारीचे अंग बनवायचे. पिकअपला लिपस्टिकच्या नळ्यांचे आवरण असायचे. म्हणजे ज्या नावाचा मालकांना अभिमान होता, तेही वरून लावलेलेच होते.

दोन गिटारी समोरासमोर मांडल्या तर साम्य एका शब्दाचे, ‘स्पीकरवाली’. त्यांच्या गिटारीचा स्पीकर पेटीत, आमच्या गिटारीचा पोटात. त्यांचा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, भिंतीतल्या विजेवर चालणारा. आमचा ट्रान्झिस्टरचा, बॅटरीवर चालणारा. त्यांची पोकळ, मेसोनाइटची. आमची लाकडाची. एक न्यू जर्सीची, एक टोकियोची.

फोटो घेऊन त्या बाई स्वतः नायगावला आल्या. खोलीत सामान बांधून ठेवलेले होते. काकीने त्यांच्यासाठी चटई अंथरली. दाजींनी गिटार पुढे ठेवली. बाईंनी तिच्यावर हात फिरवला नाही, नुसते पाहिले. मग म्हणाल्या, “ही ती नव्हे. पप्पांच्या गिटारीला प्रत्येक कार्यक्रमात एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागायचा. अमेरिकेची ११० ची, आपली २३० ची लाईन. तो ट्रान्सफॉर्मर मी उचलून द्यायची, म्हणून चांगलं आठवतं. हिला तर प्लगच नाही.”

कुणी काही बोलले नाही. काकीने बिछान्याखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यातून एक कागद. फुले गहाण ठेवल्याची १९७१ ची चिठ्ठी. पाणी लागून अक्षरे पसरली होती, पण साल वाचता येत होते. ती म्हणाली, “हे मी तवाबी दावलं असतं. पर मला कुनी इचारलंच न्हाई. बाईमाणसाची फुलं कशापायी गहान पडली, हे कोन इचारतंय?”

त्या बाईंनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरून वाचली. त्यांच्या वडिलांचा लोभ त्यांनाही असणारच. पण त्यांनी जाताना आमच्या बहिणीकडून कागद-पेन मागून घेतले आणि लिहून दिले, की माझ्या वडिलांची हरवलेली गिटार ही नव्हे, ती वेगळ्या बनावटीची होती. खाली सही आणि तारीख. काकीला वाचता येत नाही. तिने तो कागद तीनदा वाचून घेतला. मग म्हणाली, “ह्ये खालच्या मजल्यावर बी वाचून दावा.” ज्यांना दाखवायचे ती बहुतेक माणसे आता हयात नाहीत. तरी आमचा भाऊ कागद घेऊन तिन्ही मजले फिरून आला.

हे सारे कळल्यावर व्यापारी पुन्हा आला. जुन्या जपानी गिटारींना आता परदेशात मागणी आहे, हे त्यालाही ठाऊक झालेले. रक्कम त्याने वाढवली. एके काळी ‘मेड इन जपान’ म्हटले की लोक नाक मुरडायचे. पण याच स्वस्त गिटारींनी काही कमी नाव मिळवले नाही. शिकागोतला कृष्णवर्णीय गायक-वादक हाऊंड डॉग टेलर कावाई कारखान्याची, किंग्स्टन नावाने विकलेली गिटार वाजवायचा. गरिबांच्या वस्तीतल्या दारूच्या दुकानांत तो रात्री वाजवायचा. १९७१ साली, म्हणजे अण्णांनी ही गिटार घेतली त्याच वर्षी, त्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ती काढण्यासाठी ॲलिगेटर नावाची नवी कंपनी उभी राहिली. महागडी गिटार परवडत नव्हती म्हणून त्याचे संगीत अडले नाही. राय कूडर यांच्यासारख्या नामवंत वादकाने तर जुन्या टेस्कोचा पिकअप काढून आपल्या उंची अमेरिकन गिटारीत बसवला.

आम्ही गिटार विकली नाही. काकीच म्हणाली, “आता विकली तरी चालंल, कुनी काय म्हननार न्हाई. म्हनूनच नगं.”

वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. जुना रेडिओ, घड्याळ, हार्मोनियम, बेंजो. भंगारवाल्याला देण्यापूर्वी चार गोष्टी करा. पहिली, चकाकी आणायला ती घासू नका आणि रंग देऊ नका, कारण जुना डागही साक्ष देतो. दुसरी, उघडायची असेल तर जाणत्या मेकॅनिककडून उघडा आणि आतल्या प्रत्येक अक्षराचा फोटो घ्या. तिसरी, जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावे आणि साल पेन्सिलीने लिहा. आज माहीत आहे म्हणून उद्या कुणाला माहीत असेल असे नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विशेषतः बायांना. गहाणाची चिठ्ठी त्यांच्याच पिशवीत असते.

आम्ही गिटारीच्या दांडीला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे. त्यावर दाजींच्या अक्षरात लिहिले आहे: टेस्को, टीआरजी-१, टोकियो. बनवणारे कामगार, नावे कुठे लिहिलेली नाहीत. मुंबईत खरेदी १९७१, साडेतीनशे रुपये, कानातली फुले गहाण ठेवून. वाजवणारे अण्णा, बी. डी. डी. चाळ, नायगाव.